जास्तीचा श्वास

माझी मुलगी सातव्या महिन्यात झाली. सत्तरीच्या दशकातली ती लखनौची थंडी. दवाखान्याच्या खिडकीबाहेर धुकं असं साचलं होतं की अंगणातलं कडुनिंबाचं झाडही दिसत नव्हतं. माझे मिस्टर टपाल खात्यात होते. नागपूरहून बदली होऊन आम्हाला इथे फार दिवस झाले नव्हते, आणि बाळंतपणाला मी माहेरी जायचं ठरलं होतं. सामान बांधायला घेतलं त्याच सकाळी पोटात कळ आली.

बाळ रडलं नाही. मला फक्त पाठमोरी सिस्टर दिसली आणि तिच्या हातात काहीतरी गडद, मुठीएवढं. काय झालंय, मी विचारलं. सगळे एकदम बाहेर गेले आणि खोलीत मी एकटीच उरले. बऱ्याच वेळाने एक आया येऊन म्हणाली, बेटी हुई है, पेटी में रखी है.

पेटी म्हणजे इन्क्युबेटर. त्या दवाखान्यात तेव्हा एकच होता. बाकीची अशी इवलीशी बाळं कापसात गुंडाळून, बाजूला गरम पाण्याच्या बाटल्या लावून ठेवलेली असायची. आमच्या मुलीला पेटी मिळाली कारण ती त्याच सकाळी रिकामी झाली होती. कशी रिकामी झाली ते मी सिस्टरला विचारलं. तिने माझं पांघरूण नीट केलं आणि निघून गेली.

पुढे कित्येक दिवस मी माझ्या मुलीला काचेतूनच पाहिलं. आतून काचेवर दमटपणा धरायचा, त्यामुळे ती पाण्याखाली असल्यासारखी दिसे. कातडी इतकी पातळ की पोटावरच्या निळ्या शिरा मोजता याव्यात. शेजारी काळं सिलिंडर उभं असे, मान तेवढी पांढरी रंगवलेली. त्यातून रबराची नळी पेटीत गेली होती आणि तिचा आवाज यायचा, सूं… असा, मध्येच न थांबणारा. सिलिंडर बदलताना तो आवाज बंद पडे. तेवढ्यात पेटीतला जीव राखेसारखा व्हायचा. आधी ओठ, मग नखं. नवीन सिलिंडरची चावी फिरली की रंग परत यायचा, पायांकडून वर, जणू कोणी तिच्यात गुलाबी पाणी ओततंय. मी हे डोळ्यांनी पाहिलं आहे. त्या नळीतून येतंय ते फुकटच्या हवेसारखं काही नाही, तो माझ्या मुलीचा जीवच आहे, असं मला वाटायचं. नळी जरा हलली तरी मी सिस्टरला हाक मारायची.

मिस्टर ऑफिसातून येऊन काचेजवळ उभे राहत आणि हळू आवाजात बुद्धाचं त्रिशरण म्हणत. कोणाकडे काही मागण्याचा त्यांचा स्वभाव नव्हता. जिन्याचा कठडा धरावा तसे ते त्या शब्दांना धरून असत.

मुलांच्या डॉक्टर एक बाई होत्या. उंच, अकाली पिकलेले केस, कमी बोलणाऱ्या. एकदा मी विचारलं, वाचेल ना? त्या म्हणाल्या, अभी कुछ मत पूछिए. मग काही आठवड्यांनी, धुकं उठायला लागलं तेव्हा, त्यांनीच तिला टॉवेलात गुंडाळून माझ्या हातात दिली. त्या दिवशी त्या हसल्या. ती पेटीतून जिवंत बाहेर आलेल्या मोजक्या बाळांपैकी एक होती, हे मला नंतर कळलं.

आम्ही चौक नावाच्या जुन्या वस्तीतल्या एका गल्लीत वरच्या मजल्यावर राहत होतो. घरमालकीण खाली राहायच्या. विधवा बाई, आम्ही त्यांना खाला, म्हणजे मावशी, म्हणायचो. त्या आणि गल्लीतल्या दोन-चार जणी दिवसभर पडवीत बसून चिकनचं भरतकाम करायच्या. माझं कोणी नातलग इथे नव्हतं. तेलपाणी, धुरी, गुटी, सगळं खालांनीच केलं. मला त्या दुल्हन म्हणायच्या.

बाळ घरी आलं आणि त्या खोलीत एक वेगळीच शांतता आली. दवाखान्यातला तो सूं आवाज माझ्या कानात राहून गेला होता. भिंतीतून आल्यासारखा वाटायचा. मी उठून नळ तपासायची, स्टोव्ह तपासायची, काही नसायचं. मिस्टरांना विचारलं तर ते कान देऊन ऐकायचे आणि नाही म्हणायचे. बाळ मात्र फार गुणी होतं. रडायचं कमी. आवाजाला लगेच मान वळवायचं. खालांच्या बांगड्या जिन्यात वाजल्या की हसायचं.

पण ते माझ्याकडे बघायचं नाही.

आधी मी म्हटलं, लवकर झालेलं बाळ आहे, सगळंच उशिरा होणार. उन्हाळा लागला. लखनौचा उन्हाळा म्हणजे सकाळीच दारं-खिडक्या लावून घ्यायच्या. बाहेर भाजून काढणारी लू वाहायची, गल्ली ओस पडायची. दुपारी आमच्या खोलीत अंधार असायचा, फक्त छताजवळ एक रोशनदान होतं, त्यातून उजेडाचा एक पट्टा उतरायचा. त्या अंधाऱ्या दुपारी बाळ पाठीवर पडून खोलीच्या एका कोपऱ्यात वर, टक लावून बघत असे. तासन्‌तास. कधी हुंकार द्यायचं, कधी हात पुढे करायचं. त्या कोपऱ्यात काहीच नव्हतं. चुना उडालेली भिंत.

एका दुपारी खाला वाटीत खरबुजाच्या फोडी घेऊन वर आल्या. त्यांनी बाळाकडे पाहिलं, मग त्या कोपऱ्याकडे. वाटी त्यांच्या हातातच राहिली. त्यांनी विचारलं, ही रोज तिकडेच बघते का? मी हो म्हटलं. त्या खाटेच्या कडेला बसल्या. त्यांना एक मुलगी होती हे मला ठाऊक होतं, लहानपणीच तापाने गेली एवढंच. ती घरातल्या कुठल्या खोलीत गेली ते मी कधी विचारलं नव्हतं.

खाला म्हणाल्या, "उसका पलंग वहीं था, दुल्हन. उसी कोने में."

त्या दिवसापासून त्या रोज दुपारी वर येऊ लागल्या. बाळाच्या उशाशी बसत, बोलत काही नसत. बाळ कोपऱ्याकडे बघून हसलं की त्यांच्या तोंडावरही हसू यायचं. पुढे खालच्या बायकाही डोकावू लागल्या. त्यातली एक म्हणाली, अशी वेळेआधी आलेली मुलं अर्धी तिकडेच राहिलेली असतात. दुसरीने बाळाला हळूच विचारलं, कौन है बिटिया? बाळ तिच्या आवाजाकडे वळलं आणि पुन्हा कोपऱ्याकडे. बायकांनी डोक्यावर पदर ओढून घेतले.

आमच्या घरात असलं काही मानत नसत. माझ्या सासऱ्यांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली तेव्हाच घरातले देव, अंगारे-धुपारे, सगळं सोडलं होतं. मीही माहेरी तशीच वाढले. पण दुपारच्या वेळी, बाहेर चिटपाखरू नसताना, आपल्या कुशीतलं मूल आपल्या खांद्यावरून मागे कोणाकडे तरी बघून हसत असेल, तर तत्त्वं पाठीशी उभी राहत नाहीत. मी मागे वळून बघू लागले. भांडी घासताना कोपऱ्याकडे पाठ करायची नाही, एवढं मी मनाशी ठरवून टाकलं होतं. मिस्टरांना यातलं मी काही सांगितलं नाही.

मग एका दुपारी मला राग आला. कोणाचा, सांगता येत नाही. खाला आल्या नव्हत्या. बाळ नेहमीसारखं वर बघत होतं. मी स्टूल ओढलं, त्यावर चढले आणि माझा चेहरा बरोबर तिच्या नजरेच्या वाटेत धरला. म्हटलं, आता बघ. आता मीच आहे समोर. बघ माझ्याकडे.

तिच्या कपाळावर आठी पडली. तिने मान एका बाजूला कलवली, मग दुसऱ्या बाजूला. कोणी मध्ये उभं राहिल्यावर आपण त्याच्या आडून पलीकडचं बघायला वाकतो ना, तशी. मी जिच्या आड आले होते तिला ती शोधत होती. माझ्या तोंडावर तिची नजर एक क्षणही थांबली नाही. माझ्यातून आरपार जावी तशी गेली.

मी खाली उतरले. तिला उचलून मी त्या पट्ट्यातल्या उजेडात आणलं. आणि तेव्हा तिच्या बुबुळाच्या आत, जिथे काळं असायला हवं तिथे, मला राखाडी-पांढरं काहीतरी दिसलं. दुसऱ्या डोळ्यातही. आतून कोणी पडदा ओढून घेतल्यासारखं.

संध्याकाळी मिस्टर आले, तेव्हा मी सगळं सांगितलं. खालांची मुलगी, कोपरा, स्टूल, सगळं. मला वाटलं ते चिडतील. ते चिडले नाहीत. त्यांनी बॅटरी आणली, बाळाच्या तोंडासमोर लावली, बंद केली, लावली. पापणी हलली नाही. त्यांनी हातातला पेला मुद्दाम जमिनीवर टाकला, तसं बाळ दचकून त्या बाजूला वळलं. ते बराच वेळ बॅटरीचं बटण नुसतं वर-खाली करत बसले. मग म्हणाले, "उद्या मी ऑफिसला जात नाही."

डोळ्यांच्या दवाखान्यात तिच्या डोळ्यांत थेंब घातले आणि आम्हाला एका अंधाऱ्या खोलीत बसवलं. डॉक्टर वयस्क गृहस्थ होते. त्यांनी कपाळावर दिवा बांधला, एक भिंग हातात धरलं. मला तिचं डोकं धरून ठेवायला सांगितलं. अंधारात फक्त तिचा एक डोळा उजळलेला, आणि तो मला डोळा वाटतच नव्हता. डॉक्टरांनी दोन्ही डोळे पाहिले. मग दिवा काढला आणि पहिलाच प्रश्न विचारला, ही पुऱ्या दिवसांची नाही ना? ऑक्सिजनवर होती का, आणि किती दिवस?

त्यांनी जे सांगितलं ते मी इथे माझ्या शब्दांत लिहिते. डोळ्याच्या मागच्या पडद्यावर रक्ताच्या बारीक वाहिन्या पसरतात. ते काम आईच्या पोटात शेवटच्या महिन्यांपर्यंत चालू असतं. बाळ लवकर बाहेर आलं की ते अर्धवट राहतं. त्यातच भरपूर प्राणवायू मिळाला की त्या वाहिन्यांची वाढ थांबते. पुढे प्राणवायू काढला की त्या पुन्हा वाढू लागतात, पण वेड्यावाकड्या, आणि शेवटी पडदाच ओढून जागेवरून सोडवतात. सगळ्याच बाळांना असं होत नाही. नुसत्या प्राणवायूनेच होतं असंही नाही. इतक्या लवकर जन्मणं हेच मोठं कारण. आता यावर करण्यासारखं त्यांच्याकडे काही नव्हतं. एका डोळ्याला प्रखर उजेड कळत असावा, एवढंच.

मी म्हटलं, "पण ती एका कोपऱ्याकडे बघून हसते."

त्यांनी विचारलं, तिथे खिडकी आहे का? मिस्टर म्हणाले, कोपऱ्याच्या वर रोशनदान आहे.

मिस्टर घरी न येता मला सरळ पहिल्या दवाखान्यात घेऊन गेले. मुलांच्या डॉक्टर बाईंनी आम्हाला ओळखलं. बाळाला हातात घ्यायला त्या हात पुढे करत होत्या, तेवढ्यात त्यांना तिचे डोळे दिसले. हात तसेच राहिले. मिस्टरांनी शांतपणे विचारलं, तुम्हाला हे ठाऊक होतं का? मला वाटलं त्या नाही म्हणतील. नाही म्हणाल्या असत्या तर बरं झालं असतं, असंही वाटून गेलं.

त्या म्हणाल्या, हो, असं होऊ शकतं हे वाचलं होतं. म्हणून प्राणवायू कमी करून पाहिला. केला की ती निळी पडायची.

मग त्यांनी आम्हाला आत नेलं. तीच खोली, तीच पेटी, काचेवर तोच दमटपणा. आत दुसरं कोणाचं तरी बाळ होतं. सूं आवाज चालू होता. इतके महिने जो आवाज मला भिंतीतून ऐकू यायचा तो इथे खरा होता, आणि माझ्या कडेवरची माझी मुलगी तो ऐकून एकदम स्तब्ध झाली. हातपायही हलवेना. डॉक्टर बाईंनी सिलिंडरच्या चावीवर हात ठेवला आणि ती हळूहळू कमी केली. आम्ही तिघं काचेकडे बघत उभे. बाळाचे ओठ आधी फिके झाले, मग त्यांच्या कडांना निळं चढू लागलं. त्यांनी चावी जराशी परत फिरवली. निळं उतरलं. रक्तात किती प्राणवायू आहे हे मोजायचं यंत्र त्यांच्याकडे नव्हतं. हेच होतं, नखांचा रंग आणि हाताचा अंदाज.

माझ्याकडे वळून त्या म्हणाल्या, "अब आप बताइए. कितना खोलूँ?"

त्यांनी ते टोचून विचारलं नव्हतं. खरंच विचारत होत्या. मी त्या बाळाकडे पाहिलं. त्याची आई बाहेर बाकावर बसलेली मला येताना दिसली होती. माझ्या तोंडून एवढंच निघालं, "निळं पडू देऊ नका."

मिस्टरांनी पुढे कधी त्या बाईंना दोष दिला नाही. पण घरी आल्यावर ते गच्चीवर जाऊन उभे राहिले, आणि हाक मारूनही लवकर खाली आले नाहीत.

खालांना सांगायचं काम माझ्याकडे आलं. मी पडवीत जाऊन बसले. त्यांनी सुई कपड्यात टोचून ठेवली आणि ऐकलं. मी सांगितलं, तिला दिसत नाही, वरच्या रोशनदानातून येणारा उजेड तेवढा कळतो, म्हणून ती तिकडे बघते. बाकी तिथे काही नाही. शेवटचं वाक्य बोलताना मला कळलं की मी काय करते आहे. या बाईला गेलेली मुलगी काही दुपारींपुरती परत मिळाली होती आणि मी ती पुन्हा नेत होते.

त्यांनी विचारलं, "तो वो नहीं थी?"

मी नाही म्हणून मान हलवली. त्यांनी कपड्यातली सुई उपसली आणि पुढचा टाका घातला. दुसऱ्या दुपारी त्या वर येणार नाहीत असं मला वाटलं होतं. त्या आल्या. पण आता कोपऱ्याकडे पाठ करून, बाळाकडे तोंड करून बसल्या. बाळाला एक सवय लागली होती, मुठी डोळ्यांत खुपसून जोरात दाबायची. डोळा दाबला की आत काहीतरी चमकतं, म्हणून अशी मुलं ते करतात, असं डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, आणि करू देऊ नका म्हणून बजावलंही होतं. खाला तिच्या दोन्ही मुठी आपल्या हातात घेऊन बसायच्या आणि तिला काहीबाही सांगत राहायच्या. आम्ही ते घर सोडेपर्यंत.

ऐंशीच्या दशकात आम्ही लखनौतच विकास नगरला राहायला गेलो. मुलगी अंधांच्या शाळेत जाऊ लागली. ठिपक्यांची लिपी तिने भराभर उचलली. आम्ही मराठीत बोलायचो, ती हिंदीत उत्तर द्यायची. पायांच्या आवाजावरून सगळी कॉलनी ओळखायची. लोक माझ्यासमोर हळहळायचे आणि ती तिथेच उभी राहून ऐकायची.

एकदा शाळेतून आली आणि तिने मला सरळ विचारलं, मी अशीच झाले होते का? मी तिच्यापासून काही लपवायचं नाही असं ठरवलेलं होतं. पेटी, नळी, डोळ्याचा पडदा, डॉक्टर बाई, सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "मतलब हवा ज़्यादा हो गई थी?" मी म्हटलं, हो, तसंच काहीसं. ती खेळायला निघून गेली.

त्यानंतर काही दिवस ती फार शांत शांत होती. जेवताना मध्येच थांबायची. हाक मारली तर उशिरा ओ द्यायची. एका दुपारी तिची काहीच चाहूल लागेना. मी आतल्या खोलीत गेले. ती भिंतीला टेकून ताठ बसली होती. बोटांनी नाक घट्ट धरलेलं, ओठ मिटलेले, तोंड खिडकीकडे. डोळे उघडे. ओठांचा रंग बदलला होता. तो रंग मला ठाऊक होता. मी धावत जाऊन तिचा हात ओढला तशी ती खोल श्वास घेत खोकायला लागली. काय करत होतीस म्हणून मी विचारलं. ती म्हणाली, "कम ले के देख रही थी, आई. रोज़ करती हूँ. शायद थोड़ा-थोड़ा दिखने लगे."

मी जमिनीवर तिच्या शेजारी बसले. मला रडून चालणार नव्हतं, कारण रडण्याचा आवाज तिला सगळ्यात आधी कळायचा. मी तिला पुन्हा सांगितलं, या वेळी सावकाश. ते डोळे तेव्हा बनत होते, म्हणून तेव्हा ती हवा त्यांना बाधली. आता ते बनून झाले आहेत. आता हवा कमी घेऊन काही परत येणार नाही आणि जास्त घेऊन काही जाणार नाही.

ती विचार करत होती. मग म्हणाली, "तो अब जितनी चाहूँ ले सकती हूँ?"

"घे," मी म्हटलं. "हवी तेवढी घे."

तिने एक श्वास घेतला, मग आणखी एक. तिचे ओठ पुन्हा लाल होईपर्यंत मी बघत राहिले. संध्याकाळी मिस्टर आल्यावर मी त्यांना हे सांगितलं. त्यांनी तिला बोलावलं, सायकलच्या दांडीवर बसवलं आणि दोघं बाहेर फिरायला गेले.